सूरपाटी

तार तांब्याची, पाच एचपीच्या मोटरीतली,
जिनिंगच्या मागं तुराट्यांवर जाळलेली.
दोघंही तिथंच सापडले, बोटं काळी,
खिशात मागच्या खेपेचे दोनशे ऐंशी.
जमादार म्हणाला, "गुर्जी, तुमचेच पोट्टे ना हे?
यावेळी सोडतो. पुढच्या वेळी मले फोन करू नका."

शाळेला मैदान असं नव्हतंच.
स्मशानाच्या वाटेला लागून गावठाणाचा तुकडा.
तरोटा उपटला, गोखरू वेचलं,
भोयरच्या प्रज्वलकडं फक्कीचं घमेलं दिलं,
दुधेच्या रितिककडं सुतळी.
"आखा," म्हटलं. "आट्यापाट्या."
"क्रिकेट नाही का, गुर्जी?"
"बॅट कोण देईन, तुहा बाप?"
हसले. पहिल्यांदा.

पहिली रेघ नाल्यासारखी वाकडी गेली.

पाटीवर उभं राहायचं म्हणजे दोन्ही पाय पाटीतच.
समोरचा हूल देणार, चिडवणार, आईवरून बोलणार;
हात पुरला तर गडी बाद,
नाही पुरला तर जाऊ द्यायचा.
रितिकला हे जमेना, आणि मग इतकं जमलं
की मधली लांब सूरपाटी त्याचीच झाली.
वरून खालपर्यंत सुटायचा
अन् पोरं कोंडीत सापडून बोंबलायची.

चार आठवडे.
पाचव्यात तो आला नाही.
मी जाणार होतो त्याच्या घरी,
पण पोषण आहाराची माहिती भरायची होती,
साइट रात्रीच चालायची,
मग मतदार याद्या आल्या.
कारण एवढंच. दुसरं मी शोधलं नाही.

आता यवतमाळ. निरीक्षणगृह.
दुसऱ्या शनिवारी मी बाकावर बसतो,
चिवड्याचा पुडा ते उघडून बघतात.
त्याला मिसरूड फुटलंय.
नजर माझ्या चपलेवर.
वेळ संपताना विचारतो,
"सूरपाटीवर कोण रायते आता?"

सातवीतला कुमरेचा राहतो. बरा खेळतो.

मूल्यशिक्षणाच्या तासाला
'नेहमी खरे बोलावे' मीच लिहितो फळ्यावर, वळणदार.
"कोणीच नाही," म्हणालो. "रिकामी आहे."

परतीची यष्टी दारव्ह्याच्या अलीकडं पंक्चर झाली.
गावात उतरलो तेव्हा गडद अंधार,
आणि प्रज्वल अजून मैदानावर,
मोबाइलच्या उजेडात उद्याच्या पाट्या आखत.
"गुर्जी, फक्की सरली," तो म्हणाला,
"सूरपाटी अर्धीच झाली."