डाव्या पायाला विचारून

इनास म्हणाला, गिअरबॉक्स उघडावाच लागेल.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ती जी मान टाकते ना,
ती नुसत्या तेलानं उचलणार नाही, पात्रांव.
हात पुसत पुसत आकडा सांगितला, पंच्याऐंशी हजार,
आणि मयेच्या तळ्याकडे बघत उभा राहिला,
जणू तो आकडा तिकडून दुसऱ्याच कुणीतरी ओरडला होता.

म्हापशाचा एक जण एक लाख दहा द्यायला तयार आहे.
मधल्या पंचवीस हजारांत
मला बारा वर्षं बसवायची आहेत.

उर्मी पुण्याहून म्हणते, बाबा, विकून टाका.
नाहीतर निदान मोठा स्क्रीन बसवा, मागचा कॅमेरा, नवे सीटकव्हर,
म्हणजे इतकी जुनी वाटणार नाही.
हे कोणाबद्दल, ते मी विचारत नाही.

खरं तर हा प्रश्न डाव्या पायाचा आहे.

अकरा वर्षं टिपर चालवला,
खाणीवरून जेटीवर, जेटीवरून खाणीवर,
तांबड्या धुळीत, एकामागे एक लागलेल्या रांगेत,
दाब क्लच, सोड, अर्धा सोड, परत दाब.
खाण बंद झाली त्याच पावसाळ्यात गुडघाही बंद पडला.
डिचोलीच्या डॉक्टरनं फिल्म उजेडात धरली
आणि म्हणाला, हा गुडघा तुमच्याहून वीस वर्षांनी मोठा आहे.

मग ही घेतली. सेकंडहँड, चंदेरी, दोनच पेडलांची.
शेवंतीनं वाकून आत बघितलं : आणि हा पाय काय करणार?
बसून राहील, मी म्हटलं. पेन्शनीत.

तो बसत नाही.
वळणावर म्हैस आडवी आली की उजव्याच्या आधी उठतो
आणि रबरी मॅटवर काहीतरी शोधतो.
तिथली नक्षी गेली आहे,
बशीएवढा गुळगुळीत गोल पडलाय.
नवी मॅट पाचशेला मिळते.
घेतली नाही.

रविवारी म्हापशाचा माणूस आला, दीपराज.
बायको शिकतेय, तिला सोपी हवी, म्हणाला.
स्पीकर वाजवून बघितले, डिकी तीनदा आपटली,
मग, चला, नार्व्याच्या फेरीपर्यंत.
दिवाडीची बोट नुकतीच लागत होती.
उतारावर त्यानं ब्रेक सोडला
आणि गाडी आपणहून पुढे निघाली,
निघते तशीच, कुणी काही न सांगता,
गोठा दिसलेल्या गाईसारखी.
तो दचकला.
डावा पाय मारला क्लचवर,
जिथे क्लच नाही,
जिथे ब्रेकचं रुंद पेडल वाट बघत असतं.
आमची दोघांची कपाळं काचेपासून चार बोटांवर थांबली.
बोटीवरचा खलाशी दोरी टाकून हसला.
दीपराज आपल्याच बुटाकडे बघत राहिला.
मीही.
तो पाय मला ओळखीचा वाटला.

परत येताना मी चालवली.
मयेच्या चढावर, नेमक्या त्या जागी,
ॲक्सिलरेटर किंचित सोडून बघितला,
म्हटलं, तुझं तू जा सावकाश.
हिसका अर्धाच बसला.
हे दीपराजला सांगावं तर किंमत वाढेल,
इनासला सांगावं तर तो म्हणेल, अजून सहा महिने ढकला,
म्हणून दोघांनाही सांगितलं नाही.

संध्याकाळी इनासला फोन केला. उघड. स्क्रीन नको.
दीपराजला काय सांगू, ते अजून जमवतोय.

शेवंती म्हणाली, आणि पंच्याऐंशी हजार?
मी गुडघ्याला तेल चोळत होतो.
म्हटलं, हा बघ,
याच्यावर किती घातले,
आणि याचे तर म्हापशात कुणी दहासुद्धा देणार नाही.