मापांची वही

म्हापशाच्या बाजारात केळीवाल्यांच्या मागे
माझं शिंप्याचं दुकान.
काजं करणारा पोरगा रुझारियो, वय सोळा,
काल दातानं दोरा तोडत म्हणाला,
"मेस्त, तोप आणि गरुड समोरासमोर आले असते
तर कोण जिंकला असता?"

"मधे छत्तीस वर्षं आहेत रे."
"समजा, नाहीत."

समजा.

मी बाबांची वही काढली.
वाळवीनं कडा खाल्ल्या आहेत, आकडे सोडलेत.
कायतान ब्रागांझा, सत्तावन साल.
छाती सेहेचाळीस, मांडी सत्तावीस.
लाल मखमलीची चड्डी, नग एक.
बाकी : दोन रुपये चार टांगे.
माझ्या वहीत दामोदर हळर्णकर, त्र्याण्णव.
छाती चव्वेचाळीस. डोकं तेवीस.
(डोक्याचं माप मी आयुष्यात एकदाच घेतलं,
काळ्या रेक्झिनच्या मुखवट्यासाठी.)

"तोप दोन इंचांनी पुढे!" रुझारियो ओरडला.
मी म्हटलं, बाबांची टेप ताणलेली होती.
ताणलेली टेप माप कमी सांगते.
कायतान होता त्याहून मोठाच असणार.

मग आम्ही आखाडा घातला.
बोडगेश्वराच्या जत्रेमागे, भात कापलेल्या शेतात
खुंट अजून पायाला टोचतात अशा जागी.
काथ्याचे दोर रुझारियोनं मागितले,
मी दिले.
तोपेच्या कोपऱ्यात पेट्रोमॅक्स, गरुडाच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट,
किडे मात्र दोन्हीकडे.
खाज्यांचा वास.
पहिल्या रांगेत पोलिसाची बायको, मागे माडांवर पोरं.

घंटा.
गरुड दोरावरून उडतो, हे त्यानं केबलवर पाहून शिकलेलं.
तोप उडत नाही. तोपेच्या काळात
माणूस जमिनीला धरून मारामारी करायचा,
मान काखेत दाबून सावकाश,
बघणाऱ्याला विडी पेटवायला वेळ मिळेल इतकी सावकाश.
"गरुड जिंकतो," रुझारियो म्हणाला. "स्पीड बघा ना."
मग म्हणाला, "नाही, तोप." मग परत गरुड.
दुपारचे तीन वाजले. पोलक्याला एकही हुक लागला नव्हता.

मला जे ठाऊक आहे ते प्रेक्षकांना नसतं.
कपडा कुठून फाटून येतो, ते मला ठाऊक असतं.
बाबांनी कायतानच्या नावाखाली बारीक लिहिलंय :
मागून दुहेरी अस्तर. पंधरा रात्री पडायचं आहे.
त्याला पडण्याचेच पैसे मिळायचे.
पाठ अशी आपटायचा की फळ्यांखाली ठेवलेला पत्रा
चर्चपर्यंत ऐकू जायचा,
आणि सकाळी तोच माणूस
वाकून, न कण्हता, बाबांच्या हातात मखमल द्यायचा.

आणि दामोदर.
तिसऱ्या वर्षी मुखवटा घेऊन आला,
दार लोटलं, हळूच म्हणाला,
"उजव्या डोळ्याचं भोक वाढव."
आणि डाव्याचं?
"डावं राहू दे. त्यातून आता काही येत नाही."
त्यानंतर चार हंगाम खेळला.
कात्री माझी होती, म्हणून मला कळलं.

"म्हणजे तोपेनं डावीकडून जायचं," रुझारियो उठून उभाच राहिला,
"त्याला दिसणारच नाही, खलास!"

हो. तसं करता आलं असतं.
पण रुझारियो, कायतान धंद्यातला माणूस.
एक पकड घेताच त्याला समजलं असतं
समोरचा कुठल्या कानानं बघतोय ते.
मग तो सावकाश फिरून
उजवीकडून आला असता,
दिसेल असा, सांगून आल्यासारखा,
गरुडाचा पंजा छातीला जेमतेम लागू दिला असता
आणि गेला असता खाली,
पत्र्यावर, सबंध सेहेचाळीस इंच.

"मग गरुड जिंकला."
"लिही पाहिजे तर."
"पण तो तर मुद्दाम..."
रुझारियोनं वही उलटसुलट करून पाहिली,
जणू निकाल मागच्या पानावर असेल.
तिथं कुणा बायच्या झग्याचं माप होतं.

मी दोन रुपये चार टांग्यांवर
पेन्सिलीनं रेघ मारली.
"हुकं लाव," म्हटलं.
"पाच वाजता पोलकं न्यायला येणार आहेत."