पान एकशे बारा

हाउन्सेल सरांनी फळ्यावर चार नावं लिहिली
आणि म्हणाले, एक निवडा. शुक्रवारपर्यंत.
बाहेर धुकं असं की धक्क्याला लागलेली फेरीबोट
नुसती भोंग्यावरून ओळखायची.

कोरी स्टकलेसने हात वर केला: सर, सगळ्यांत बारीक कुठली?
बारीक आहे ती चावते, सर म्हणाले.
डेनीसला प्रेम हवं होतं,
तिच्या मागच्या बाकाला रक्त.
मला हवं होतं एवढंच, की
बाबा अल्बर्टाहून नाताळला येणार की नाही.
चारांपैकी एकाही कादंबरीच्या मलपृष्ठावर
हे लिहिलेलं नव्हतं.

पुस्तकांची खोली म्हणजे जिन्याखालचं कपाट.
खाऱ्या हवेनं फुगलेली पानं,
एका कादंबरीच्या चाळीस प्रती, एकीच्या अकरा,
आणि वर कुणाचा तरी हरवलेला लाल हातमोजा.
हाताला लागली ती मी ओढली.
गोठलेलं तळं, आणि त्यावर
टपालाच्या पिशव्या लादलेला घोडा.

आत शाळेचा शिक्का. शिक्क्याखाली रेघा,
रेघेगणिक एक नाव, एक साल.
तिसऱ्या रेघेवर: मर्ना पिटमन, ब्याण्णव.

आडनावातल्या ‘आय’वर टिंबाऐवजी
फुगा काढावा तसा गोल.
आई आता सही करते ती एका फटकाऱ्यात,
तिच्यात गोल नाही, टिंबसुद्धा नाही.

एकशे बाराव्या पानाचा कोपरा दुमडलेला.
समासात पेन्सिलीने: मंगळवार, सव्वासात.
ही बोटीची वेळ. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असते.
त्या वर्षी कॉड पकडायला बंदी आली
आणि आजोबांनी होडी उपडी घातली
ती घातलीच.
एवढं मला ठाऊक होतं.
वर्ग अर्धा टाकून आई त्या बोटीने गेली,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
पानाची शेवटची ओळ: घोड्याचा पुढचा खूर बर्फात गेला.

घरी ती सलगम सोलत होती.
ही? छे, मी नाही वाचली.
तुझं नाव आहे आत.
नाव असायला काय जातंय, ती म्हणाली,
आणि साल जरा जास्तच जाड निघाली.

रात्री दिवा मालवल्यावर
बोळातून तिचा आवाज आला,
सहज विचारावा तसा:
तो घोडा... वाचला का गं?

मी एकशे चाळिसाव्या पानावर होते.
मला माहीत होतं.
अजून नाही वाचलं तिथवर, मी म्हणाले.
बराच वेळ काही नाही. मग:
संपलं की इकडे टाक. आणि सांगू नकोस.

शुक्रवारी चिठ्ठीवर मी नाव लिहिलं.
‘निवडीचं कारण’ म्हणून एक रकाना होता,
सरांना असले रकाने फार आवडतात.
मी लिहिलं: घोडा.
कोरी डोकावला. किती पानं?
दोनशे नव्वद.
वेडी आहेस, तो म्हणाला,
आणि स्वतःची चिठ्ठी हाताने झाकून
काहीतरी खोडत बसला.