पाठीचं माप

चाकांची नको, इन्केरीने दारातच सांगून टाकलं.
चाकं विमानतळाच्या फरशीसाठी;
आपल्या गल्लीत नोव्हेंबर ते एप्रिल
चाक फिरत नाही, नुसतं नांगरतं.

राउनोचं दुकान रिंकच्या मागे, तळघरात.
जुने स्केट्स दोरीवर टांगलेले, लसणाच्या माळांसारखे,
आणि कोपऱ्यात बॅगांचा ढीग, एकीवर एक,
सामना हरून आलेल्या पोरांसारख्या मलूल.

ती तेरा वर्षांची. बचावफळीत खेळते.
आजवर तिचं ओझं मी वाहिलं,
डिकीपासून रिंकच्या दारापर्यंत,
दारापासून बाकापर्यंत,
नेहमी उजव्या खांद्यावर.
डॉक्टरीण म्हणते, हा खांदा दोन बोटं खाली आहे तुमचा.
दोन बोटं.
सात हिवाळ्यांचा हिशेब तेवढाच भरला.

आता कागद गिरणीत माझी दुपारची पाळी,
आणि सरावही दुपारीच.
गाडी माझ्याबरोबर जाणार. उरली तिची सायकल.
ओउलूत उणे वीसमध्येही पोरं सायकलनेच शाळेला जातात,
त्यात नवल कुणालाच नाही, मला सोडून.
दोन्ही हात हँडलवर हवेत.
म्हणून पाठीवरची.

राउनोला घाई नाही.
तो बॅगा दाखवायच्या आधी तिला विचारतो,
हेल्मेट आत ठेवतेस की बाहेर लटकवतेस?
ओले मोजे कुठे कोंबतेस? खरं सांग.
ती खरं सांगते.
मी दुसरीकडे बघतो.

पहिली निळी, देखणी. पण स्केट्सना वेगळा कप्पा नाही,
पात्यांनी महिन्याभरात जर्सी फाटायची.
दुसरीला सतरा कप्पे.
“वस्तू हरवायला चांगली सोय आहे,” राउनो म्हणाला.
तिसरी एवढी मोठी की इन्केरी आत जाऊन बसली,
चेन ओढून घेतली,
आणि आतून म्हणाली, बाबा,
इथे कुणीतरी गोलकीपर राहत होता.

चौथी काळी. वापरलेली.
तळाला रबर, बाजूला जाळी, ओल्या सामानाला वारा लागावा म्हणून,
पट्टे रुंद, आणि छातीशी एक आडवा चाप.
झाकणाच्या आत पांढऱ्या शाईत नाव, एल्मेरी,
खाली फोन नंबर,
शेवटचे दोन आकडे घामाने गेलेले.

राउनोने ती रिकामी तिच्या पाठीवर दिली नाही.
काउंटरखालून पॅड काढले, कोपरबंद, एक जुनी स्केट्सची जोडी,
सगळं आत भरलं.
नऊ किलो. आता उचल.
रिकामी बॅग काय, सगळ्यांनाच बसते.

ती पुढे झुकली, एक पाय मागे सरकला.
माझा हात आपोआप पट्ट्याखाली गेला.
तिने न बघताच तो झटकला,
माशी झटकावी तसा.
“खांद्यावर नको पेलूस,” राउनो पट्टा आवळत म्हणाला,
“कंबरेवर उतरव. खांदे फक्त धरून ठेवायला.”
तळघराचा जिना ती दोनदा चढली, दोनदा उतरली.
मी खाली उभा राहून पाहिलं.
दोन्ही खांदे सरळ, ओळंबा लावल्यासारखे.

पस्तीस युरो. दहा तिने आपल्या खिशातून दिले,
नाणी मोजून, काउंटरवर चळत लावून.
एल्मेरीचं नाव खोडायला राउनोने पेन पुढे केलं.
तिने खोडलं नाही. खाली आपलं लिहिलं.
आणि नंबर आमचा नाही, तिचा.

आणि स्टिक? मी विचारलं. स्टिक कशात?
दोघांनी माझ्याकडे पाहिलं.
स्टिक सायकलच्या दांड्याला बांधतात, बाबा.

तीन वाजता अंधार पडला होता.
लाल दिवा वळणापर्यंत दिसला,
मग बर्फाच्या ढिगाऱ्याआड गेला.
मी सवयीने डिकी उघडली. आत काही नव्हतं,
सात हिवाळ्यांचा तो कुबट वास सोडून.
काच खाली करून गाडी हवेशीर करता आली असती.
पण बाहेर उणे अठरा होतं,
तेव्हा तो प्रश्नच नव्हता,
असं मी गिरणीच्या फाटकापर्यंत
स्वतःला सांगत राहिलो.