शेवटचा ड्रीपर

चौतीस वर्षं मी लोकांच्या केळीत ठिबक जोडलं.
मेन, सबमेन, फिल्टर, व्हॉल्व्ह,
आणि सगळं झालं की पिलबागेच्या पार टोकाला जाऊन
शेवटच्या ड्रीपरखाली तळहात धरायचा.
पंप गर्जतो, त्याचं काय ऐकायचं.
खरं ते शेवटचा ड्रीपर सांगतो.

म्हणून वैजयंतीनं विचारलं,
बाबा, मोडेम कोणता घेऊ,
तर मी म्हटलं, लाइन किती इंची?
ती हसली. मग हसायची थांबली.
शंभर एमबीची, म्हणाली.
येणार किती, अन् मधी मुरणार किती?

जळगावला दुकानदारानं तीन डबे मांडले.
एकाला दोन शिंगं, एकाला चार,
तिसऱ्याला सहा, उताण्या पडलेल्या खेकड्यासारखी.
कंपनीकडून फुकट मिळतो तो चौथा,
त्याचं नाव घेताना त्यानं आवाज खाली केला,
जसा आम्ही सबसिडीच्या नळीचं बोलताना करायचो.
"सहावाला घ्या काका, अख्खा बंगला कव्हर."
बंगला कुठला, फैजपुरात तीन खोल्या अन् एक जिना.
चारवाला घेतला.
त्यात म्हणे दोन पट्टे:
एक लांब जातो पण रेंगाळत,
दुसरा सुसाट, पण भिंतीला भितो.
प्रत्येक घरात अशी दोन माणसं असतात.

सुभान तडवी वायर घेऊन आला,
केसापेक्षा थोडी जाड.
"काका, दुमडू नका, आत काच आहे."
नळीचं टोक दुमडून बंद करायचं,
हेच ज्या हातांनी आयुष्यभर केलं
ते हात मी पाठीमागे बांधून उभा राहिलो.

दिवे लागले. एक सोडून सगळे हिरवे.
त्या एकाखाली लिहिलेलं वाचलं: लॉस.
तोटा?
"तोटा नाही काका, सिग्नल येत नाही असा अर्थ."
माझ्या वहीत ते एकच.
सुभाननं खांबावर चढून काहीतरी पुसलं,
आणि तोटा विझला.

मग जागा.
फ्रीजवर नाही, आरशाजवळ नाही,
कूलरच्या वाऱ्यात बरं, पण तिथे तुषार उडतात,
आणि मे महिन्यात आमच्या भिंती
संध्याकाळी सातलाही तव्यासारख्या.
नारळ हातावर घेऊन पाणी बघणारे असतात,
त्यांच्यावर मी जन्मात विश्वास ठेवला नाही,
तसाच मी मोबाइल तळहातावर धरून
खोली खोली फिरलो.
जिन्याच्या वळणावर चारही रेघा उभ्या राहिल्या.
तिथेच खिळा ठोकला.

पासवर्ड मोडेमच्या पोटावर, मुंगीच्या अक्षरात.
ओ की शून्य? शून्य की ओ?
तिसऱ्यांदा चुकल्यावर वैजयंती म्हणाली,
बाबा, नवा टाका, तुमच्या मनातला.
टाकला.
तो इथे लिहिणार नाही.
तरी चौथ्या दिवशी भारंब्यांची प्रमिला आली,
विरजण मागायला यावं तशी, वाटी नाही, मोबाइल पुढे करून.
"देता का व बापा, पोराचा फॉर्म भराचा शे."
विरजणाला कोण नाही म्हणतं.

रात्री दहाला वैजयंतीची ड्यूटी लागते.
कुठल्यातरी बर्फाळ गावातले डॉक्टर
आपले पेशंट बोलून दाखवतात,
ती कानाला लावून टाइप करते.
काल दोनला लाइट गेली.
इन्व्हर्टर कण्हला, पंखा दमला,
मी उठून अंधारात जिन्याशी गेलो.
मोडेमचा गरम वास. हिरवा, हिरवा, हिरवा.

पण ते पंपाचं झालं.

वर गेलो, तिच्या दाराशी, शेवटच्या खोलीशी.
आतून बोटांचा आवाज:
टप टप. थांबला. टप. टप टप टप.
कुठे चोकअप नाही.
उंबऱ्यापाशी उगाच थोडा बसलो.

"बाबा, झोपा ना आता."

झोपतो, म्हटलं.
प्रेशर बरोबर आहे.