कजोडीचं कार्ड

बहोडापूरच्या पुढे, ट्रकांच्या गॅरेजांना लागून
सात गाड्या उभ्या आहेत.
काळं लाकूड, त्यावर पितळी खिळ्यांची नक्षी.
बैल कधीच विकले गेले,
तरी प्रत्येक गाडीचं जू रस्त्याकडे.

मंगळवारी मी तिथे जाते.
खांद्याला निळी पेटी, बर्फात चार कुप्या,
हातात स्प्रिंगचा काटा
आणि बाळाला अडकवायची झोळी.

पहिल्यांदा गेले तेव्हा मोरपालने काटा माझ्या हातून घेतला,
आकड्याला स्वतःची हातोडी टांगली, डोळा बारीक केला.
"दोन किलो. काटा खरा आहे बहेनजी,
आता पोरगी टांगा."

एक किलो आठशे.

भाता तेवढा फुसफुसत राहिला.
हातोडीपेक्षा हलकी,
हे प्रत्येकाने मनात म्हटलं असणार.

मी लाडबाईवर ओरडले,
आठव्या महिन्यापर्यंत घण मारत होतीस?
ती म्हणाली, चिमटा तो धरतो, घण माझा.
घण नाही तर विळा नाही, विळा नाही तर पीठ नाही.
पोटातली काय वेगळं खात होती?
माझ्या रजिस्टरात याला रकाना नव्हता.

नाव?
कजोडी.
म्हणजे केर, उकिरडा.
मी पेन खाली ठेवलं. चांगलं ठेवा की काहीतरी.
"चांगलीच ठेवली होती," ती म्हणाली,
"रतन. मूंगा. तिसरीला ठेवायला वेळच नाही मिळाला.
केराकडे कुणी वळून बघत नाही, बहेनजी."

लष्करात आमचं घर.
आजोबा एजी ऑफिसात हेडक्लार्क, सही इंग्रजीत, झोकदार.
नाव धोंडो.
त्यांच्या आधीची चार गेली होती.
आणि शिकलेलं घर होतं आमचं.

मी पेन उचललं,
कजोडी लिहिलं, नीट, रेघेच्या वर.

मग सांगितलं तेच, जे सगळीकडे सांगते:
उघड्या छातीशी धर, वरून ओढणी,
दर दोन तासांनी पाज, घणाला हात लावू नकोस.
सांगायला काय जातं?

पुढच्या मंगळवारी घण सासूच्या हातात होता.
साठीची बाई, एका घावानंतर दोन श्वास.
विळे निम्मेच झाले होते.
डिंक-तुपाचा वास येत होता
आणि गाडीच्या चाकावर, जिथे पितळी मोर होता,
तिथे बारीक भोकं.
मोजायची नाही असं ठरवलं होतं.
एकेचाळीस.

भात्याशी नरसी, सात वर्षांचा.
शाळेचं दप्तर त्याने बुडाखाली घेतलेलं.
उन्हाळ्यानंतर जाईल, मोरपाल म्हणाला,
मी विचारण्याआधीच.

तिसऱ्या महिन्यात काटा तीन दोनशेवर थांबला.
मी आकडा उच्चारणार, तर लाडबाईचा हात माझ्या तोंडापुढे.
मग शिकले मी.
कार्डावर लिहिते खरं,
आणि गाडीच्या सावलीत उभी राहून मोठ्याने म्हणते,
"अजून हलकीच आहे हो, काय म्हणावं हिला!"
सासू मान हलवते, तक्रार केल्यासारखी.
मोरपाल हातोडी पुसतो, ती पुसायची गरज नसते.
कजोडी झोळीत पाय झाडते.

परवा पेटी आवरत होते,
तर नरसी आकड्याला लोंबकळला, दोन्ही हातांनी,
पाय आखडून घेतलेले.
माझं पण लिहा.
त्याचं कार्ड पाचव्या वर्षी बंद झालंय.
आणि काटा काही विचारत नाही, दाखवतो.

"सोळा," मी म्हटलं, मोठ्याने, भान न राहून.

लाडबाई तिकडून तशीच उठली,
पदराखाली बाळ, तोंडात घास,
आली आणि त्याच्या डोक्यावरून तीनदा
थू थू केलं.