डावा पुढचा

खमीसची पिकअप आली तीच फडफडत,
चाकात कोंबडी अडकावी तशी.
सोहारच्या सनायात सकाळचे साडेसात,
आणि पत्रा आत्ताच हात लावू देत नव्हता.

"याला तुमच्यात काय म्हणतात?" त्याने विचारलं,
लोंबणारं काळं प्लास्टिक चपलेने ढोसत.
इथे सगळे लायनर म्हणतात.
मी म्हटलं, अस्तर.
त्याने दोनदा तोंडात घोळवून पाहिलं आणि हसला:
अरे, हा तर आमचा बलुची शब्द,
माझ्या आईच्या शिलाई मशीनवरचा.

जॅक लावला, घोडी सरकवली, चाक उतरवलं.
क्लिपा अकरा हव्या होत्या, निघाल्या सात.
दोन जागी जाळ्याचा नायलॉन,
सुटता सुटत नाही अशा गाठीने आवळलेला.
"समुद्रात टिकते ती गाठ," खमीस म्हणाला,
"रस्त्यावर का टिकू नये?"
टिकली होती. प्लास्टिकच फाटलं होतं तिच्या बाजूने.

ओढलं तशी मडगार्डच्या पोटातून वाळू ओतली,
ओतत राहिली.
वाळूत खजुराच्या बिया,
सुक्या तारलीचे खवले, अभ्रकासारखे.
सुनीरने नाकाला रुमाल बांधला.
मी नाही बांधला.

नवीन अस्तर खोक्यातून निघालं ते घडीचं, अकडलेलं.
भोकाला भोक जुळेना, अर्ध्या बोटाचा फरक.
सुनीर म्हणाला, ड्रिल मारू.
थांब, म्हटलं.
माझी आत्या मार्गताम्हान्यात पोलकी शिवायची.
अस्तराचं कापड आधी रात्रभर पाण्यात,
नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं
आणि बाई दारात येऊन भांडते.
इथे पाणी नको, ऊन पुरे.
बॉनेटवर पसरून ठेवलं पाव तास,
मऊ होऊ दे.

तेवढ्यात भोकं मोजायला जुनं उलटं केलं.
आतल्या अंगाला, जिथे एकही खडा कधी पोचला नव्हता,
पांढऱ्या मार्करने लिहिलेलं:
डावा पुढचा.

शिरोरेघ दिलेली. घाईतसुद्धा शिरोरेघ.
ढ-च्या पोटाला नीट गाठ.

गाडी कुठून घेतलीस रे?
सहमच्या चुलतभावाकडून.
त्याने?
बरक्याच्या लिलावात.
त्याआधी?
खमीसने दोन्ही हात आभाळाकडे केले.

सुनीरने वाकून पाहिलं. "हिंदी?"
नाही, म्हटलं.
नेपाळी?
नाही रे.

कुठेतरी, कुठल्यातरी शेडमध्ये,
तो माझ्यासारखाच पाठीवर पडलेला असणार.
खाली झोपलं की डावं उजवं होतं,
चार सुटे तुकडे शेजारी पडले की सगळे एकसारखे दिसतात,
आणि परत लावायची वेळ आली की वरून फोरमन ओरडतो.
म्हणून लिहून ठेवलं. एवढंच.
मला उद्देशून काही नव्हतं त्यात.

तरी मी मार्कर मागितला.
नव्याच्या पाठीवर लिहिलं, डावा पुढचा.
पुढे नाव टाकावं वाटलं, गावही.
मग पाहिलं, त्यानेही टाकलं नव्हतं.
टोपण लावलं.

आधी वरची मधली क्लिप, सैल.
मग कड पत्र्याच्या ओठाखाली,
गुडघ्याने रेटून, शिव्या देत.
सगळ्या बसल्यावरच एकेक घट्ट.
सुनीरने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.
कुठे घासलं नाही.

आठ रियाल, म्हटलं.
सात, खमीस म्हणाला, आणि उद्या एक सुरमई.
उजवा पुढचा?
पुढच्या महिन्यात, इन्शाल्ला.
तोही फाटलाय. मी पाहिलाय.
त्याच्या पाठीवर काय आहे ते मात्र नाही पाहिलं.

गाडी गेली, आवाज न करता.
एक क्लिप उरली.
रात्री कपडे धुताना
बादलीच्या तळाशी खडखडली.